लहान डब्ल्यू, मोठा डब्ल्यू

आमच्या वरच्या गॅलरीतल्या ब्रह्मकमळाला या पावसाळ्यात एकच कळी आली, आणि नेमकी त्याच वेळी आई जिना चढू शकत नव्हती. खुब्याच्या ऑपरेशनला बारा दिवस झाले होते. झाड तिचंच. बावीस वर्षांपूर्वी मावशीकडून एक पान ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं एसटीनं आणलं, कुंडीत खोचलं आणि पुढची चार वर्षं फुलाची वाट पाहिली. तेव्हापासून दर वर्षी फूल उमलायच्या रात्री ती गॅलरीत खुर्ची टाकून बसते, शेजारणींना हाक मारते, झाडाला हळदकुंकू वाहते. हे खरं ब्रह्मकमळ नव्हे, ते हिमालयात उगवतं आणि उत्तराखंडचं राज्यपुष्प आहे. आपल्या घरांत असतं ते मेक्सिकोकडून आलेलं निवडुंगाच्या कुळातलं झाड, हे मी तिला अनेकदा सांगून झालंय. ती म्हणते, असू दे.

कुंडी खाली आणावी म्हटलं, तर तिनंच मोडता घातला. कळी धरलेली कुंडी हलवली की कळी गळते. मग भाच्याला फोन केला. त्याचा जुना निकॉन कॅमेरा आमच्याच कपाटात असतो. तो म्हणाला, "मावशी, व्हिडिओ नको घेऊस, चार तासांचा व्हिडिओ कोण बघणार? दर तीस सेकंदांनी एक फोटो काढायला लाव आणि नंतर जोड. आणि रॉमध्ये काढ, बल्बच्या उजेडातले रंग मागाहून सुधारता येतात."

त्याप्रमाणे रात्री आठ ते साडेबारा. स्टँड पक्का, फोकस हातानं लावलेला, उजेडाची सगळी मापं हातानं कुलूपबंद, वर साठ वॅटचा पिवळा बल्ब. ५४० फोटो निघाले. मी सेकंदभरही कॅमेऱ्याला हात लावला नाही. हे इथे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे याच गोष्टीनं मला चार दिवस छळलं.

दुसऱ्या दिवशी भाचा कामासाठी बाहेरगावी गेला. जाण्याआधी उबंटू टाकलेला एक लॅपटॉप, त्यातली टर्मिनलची काळी खिडकी कशी उघडायची आणि दोन प्रोग्रामची नावं एवढं मला देऊन गेला: डीसीरॉ आणि एफएफएमपेग. पहिला रॉ फोटो उघडतो, दुसरा फोटोंचा व्हिडिओ करतो. दोन्हींना खिडकी नाही, बटण नाही. काय हवं ते एका ओळीत टाइप करायचं आणि एंटर दाबायचं. मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. ओळ लिहिणं मला नवीन नाही, पण समोरचा एकही शब्द पदरचा घालत नाही आणि एकही चूक पोटात घालत नाही, असा वाचणारा मला यापूर्वी भेटला नव्हता.

पहिला गोंधळ रॉ या शब्दाचाच. फोल्डर उघडला तर फुलाची छोटी छोटी चित्रं नीट दिसत होती, मग यात कच्चं ते काय? भाच्याचं उत्तर आलं, की दिसतोय तो कॅमेऱ्यानं फाइलच्या पोटात ठेवलेला जेपीजी नमुना आहे, खरा माल वेगळा आहे. तो बघायचा एक मार्ग डीसीरॉच्या माहितीपानावर सापडला. मॅन टाइप करून पुढे प्रोग्रामचं नाव लिहिलं की ते पान उघडतं. मी ते आख्खं वहीत मराठीतून उतरवून घेतलं. त्यात लहान डी लिहिला की रंग न भरता चित्र जसंच्या तसं काळं-पांढरं बाहेर पडतं.

ते चित्र मोठं करत गेले. पाकळीच्या कडेला पोचले, आणखी मोठं केलं, आणि पाकळी विरून गेली. उरली बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट: एक घर उजळ, शेजारचं काळपट, पुन्हा उजळ. बराच वेळ मला वाटलं फाइल बिघडली. मग उलगडलं, की कॅमेऱ्याच्या डोळ्यातलं प्रत्येक घर एकच रंग मोजतं. निम्म्या घरांवर हिरवी काच, पावभर घरांवर लाल, पावभर निळी. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी शोधली, १९७६ मध्ये तिला पेटंट मिळालं, आणि अजून बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळं घर जवळजवळ उपाशीच राहतं, म्हणून ते काळपट. पाकळी पांढरी आहे हे फाइलला ठाऊकच नसतं. कुठल्या घरात किती उजेड पडला एवढे आकडे ती सांगते. शेजारच्या घरांवरून उरलेले दोन रंग भरून काढायचे आणि पांढरं कशाला म्हणायचं ते ठरवायचं, हे काम नंतरच्या माणसाचं. म्हणजे माझं.

त्या एका पाकळीपाशी मी तासभर तरी बसले असेन.

डीसीरॉ हा डेव्ह कॉफिन यांनी १९९७ मध्ये लिहायला घेतलेला प्रोग्राम. प्रत्येक कॅमेरा कंपनी आपला रॉ आपल्या पद्धतीनं बांधते, आणि या गृहस्थांनी शेकडो कॅमेऱ्यांच्या गाठी सोडवून ते सगळं एका प्रोग्राममध्ये आणून ठेवलं, फुकट. मला त्यांच्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. त्यांच्या पानावरचा सहा हा आकडा लिहिला की १६ बिटांचं चित्र निघतं, जास्त बारकाव्याचं, म्हणून मी हौसेनं तेच मागितलं आणि रात्री लॅपटॉप चालू ठेवून झोपले. सकाळी काम साडेतीनशेच्या आसपास थांबलेलं, डिस्कवर जागा नाही. मग कागदावर गुणाकार केला. ६००० गुणिले ४०००, गुणिले तीन रंग, गुणिले दोन बाइट: एक चित्र १४४ एमबी. ५४० चित्रं म्हणजे ७७ जीबीच्या पुढे, आणि रिकामी जागा पन्नास. हा हिशेब आदल्या रात्री करायला हवा होता. मग अर्ध्या आकाराचा लहान एच लावला. तो चार-चार घरांचा एकच ठिपका करतो, त्यामुळे रंग अंदाजानं भरावेच लागत नाहीत आणि काम झपाट्यानं होतं. शिवाय १६ ऐवजी ८ बिट. एक चित्र १८ एमबी. फोनवर बघायच्या व्हिडिओला ते रग्गड होतं.

आता एफएफएमपेग. फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेला हा प्रोग्राम व्हिडिओचं जवळपास काहीही करतो, आणि पहिल्याच ओळीला मला म्हणाला, की शून्य ते चार या क्रमांकांत एकही फाइल नाही. चित्रं तर डोळ्यांसमोर होती. अडचण अशी, की क्रमांकवार चित्रं वाचताना तो सुरुवात शून्य ते चारच्या आतच शोधतो, आणि माझी सुरुवात होती ९७४२ पासून. सुरुवातीचा क्रमांक वेगळा सांगितला आणि व्हिडिओ झाला. पहिला व्हिडिओ! मी जागेवरच उभी राहिले. दहा सेकंदांचा. कळी लोंबत होती, तिनं मान उचलली, देठ इंग्रजी एस अक्षरासारखा वळला, बाहेरच्या तांबूस पाकळ्या मागे सरल्या, आतलं पांढरं दिसायला लागलं, आणि संपला. फूल अर्ध्यावरच राहिलं.

मग क्रमांक सोडून फोल्डरमध्ये असतील तेवढी सगळी चित्रं घे, असं सांगितलं. आता पुरे २१ सेकंद आले, पण अर्धवट उमललेलं फूल उमलत पूर्ण झालं आणि झटक्यात पुन्हा कळी. तीच कळी मग अर्धी उमलून थांबली.

याचं उत्तर भाच्याकडून घ्यायचं नाही असं ठरवून मी वही घेऊन फोटोंची नावं लिहीत बसले. ९९९७, ९९९८, ९९९९. त्यापुढे ०००१. कॅमेऱ्याकडे चारच घरं, आकडा भरला की तो पहिल्यापासून मोजतो. पहिले २५८ फोटो ९९९९ पर्यंतचे, उरलेले २८२ फोटो ०००१ पासूनचे. कार्डावर ते दोन निराळ्या फोल्डरांत होते. मीच आवराआवर म्हणून एकत्र केले होते आणि नावानं लावल्यावर रात्रीचा उत्तरार्ध आधी आला. मूळ कार्ड मी पुसलं नव्हतं, हे नशीब. दोन्ही फोल्डर पुन्हा वेगळे घेतले, एकामागून एक वाचत प्रत्येक फाइलला १ ते ५४० असं नवं नाव दिलं, तेही मूळ फाइलला हात न लावता, प्रतीवर. व्हिडिओ सलग झाला. नववी-दहावीच्या वर्गाला इतिहास शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, सनावळीशिवाय नुसती नावं कशाला पाठ करायची, हे मी पोरांना रोज सांगते.

आता खरं दुखणं. व्हिडिओ लुकलुकत होता.

फुलामागची भिंत एका क्षणी उजळ, पुढच्या क्षणी मळकी. रंगही स्थिर नाहीत. पांढरी पाकळी मध्येच निळसर, मध्येच पिठूर. आणि एक विचित्र प्रकार असा, की फूल जसजसं उमलत गेलं तसतशी भिंत काळवंडत गेली, जणू फुलानं तिचा उजेड ओढून घेतला. बल्ब तोच, कॅमेऱ्याची मापं तीच, मी हातसुद्धा लावला नव्हता. दोन दिवस मी बल्बवर, वायरिंगवर आणि कॅमेऱ्याच्या वयावर संशय घेत होते. शेवटी वहीत उतरवलेलं पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. त्यात मोठ्या डब्ल्यूसमोर मीच लिहिलं होतं: चित्र आपोआप उजळ करू नये.

म्हणजे न सांगता डीसीरॉ उजळ करत होता. प्रत्येक चित्रातले सर्वांत तेजस्वी एक टक्का ठिपके पांढरेफेक होतील, या बेतानं तो सगळं चित्र वर उचलतो. एकट्या फोटोवर हा उपकारच. पण सुरुवातीला कळी लहान, तेव्हा तो एक टक्का चुन्याच्या भिंतीतून यायचा आणि भिंत लखलखायची. फूल मोठं झालं तसा तो टक्का पाकळ्यांनी घेतला आणि भिंत मागे पडली. साडेनऊला शेजारच्या काकू पांढरं पातळ नेसून फुलाशी वाकल्या होत्या, त्या दोन-तीन फोटोंत बाकी सगळं मिट्ट. रंगांचंही तेच. मी लहान ए लिहिला होता, तो प्रत्येक चित्राची सरासरी काढून त्या चित्रापुरतं पांढरं ठरवतो. ५४० चित्रं आणि ५४० निवाडे. ज्याचा त्याचा निवाडा त्याच्यापुरता बरोबर, पण शेजारी ठेवला की मेळ नाही. परीक्षेत प्रत्येक पेपर त्या पेपरातल्याच सगळ्यात चांगल्या उत्तराच्या मानानं तपासला, तर वर्गाचा निकाल काय लागेल?

मी उत्साहानं डब्ल्यू लिहिला. काहीच फरक नाही. लुकलुक तशीच. पुन्हा लिहिला, पुन्हा तेच. तेव्हा लक्षात आलं, की मी लहान डब्ल्यू लिहिते आहे. लहान डब्ल्यू म्हणजे पांढऱ्यासाठी कॅमेऱ्यानं टिपून ठेवलेलं माप घे. मोठा डब्ल्यू म्हणजे आपोआप उजळ करू नकोस. एकाच अक्षराची दोन रूपं, एकमेकांशी काही संबंध नाही. आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर नसतं, म्हणून माझी नजर ते भेद टिपतच नव्हती. पण सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, शिर म्हणजे डोकं आणि शीर म्हणजे नस, हे मी एकतीस वर्षं लाल शाईनं दुरुस्त करत आले. मुलं विचारायची, बाई, एका वेलांटीनं काय बिघडतं? त्या दुपारी वहीत मी लहान डब्ल्यूला ऱ्हस्व आणि मोठ्याला दीर्घ असं लिहून टाकलं. त्यानंतर ती चूक झाली नाही.

दीर्घ डब्ल्यू लावल्यावर चित्रं अंधारी झाली, पण सगळी सारखीच अंधारी. मग बीपुढे आकडा लिहून सगळ्यांना एकाच पटीनं उजळ केलं. रंगासाठी मधलाच एक चांगला फोटो निवडला, लहान व्ही लावून त्यानं लाल, हिरव्या, निळ्याला लावलेले गुणक पडद्यावर छापून घेतले. निळ्याचा गुणक लालच्या दुप्पट होता. ती उपाशी निळी घरं आठवली. तेच चार आकडे आरपुढे लिहून सगळ्या ५४० फोटोंना दिले. चौथा दुसऱ्या हिरव्याचा. व्हिडिओ पुन्हा बांधला. भिंत भिंतीसारखी राहिली. फूल उमललं आणि भिंत जागची हलली नाही.

एक गोष्ट मात्र उरली. मध्यावर कुठेतरी सगळं चित्र थोडा वेळ मंद आणि तांबूस होऊन पुन्हा पूर्ववत होत होतं. मोजलं तर वीस फोटो, म्हणजे दहा मिनिटं, दहा वाजून वीस मिनिटांपासून. ते मूळ फोटोंतच होतं. आधीच्या लुकलुकीत ते दिसलं नव्हतं, कारण डीसीरॉ त्या फोटोंनाही उजळ करून बाकीच्यांच्या रांगेत बसवत होता; फक्त तेवढा भाग रव्यासारखा खरबरीत दिसायचा आणि मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. भाच्यानं कळवलं, की एफएफएमपेगमध्ये डीफ्लिकर नावाचं फिल्टर आहे, ते लाव, निघून जाईल. मी ते लावलं नाही. चार दिवस झगडून मापं एक केल्यावर जे फोटोत खरंच आहे ते पुसायला माझा हात होईना.

वेग कमी करायचा होता. सेकंदाला २५ चित्रं या नेहमीच्या वेगानं फूल फार घाईत उमलत होतं, मला १२ हवी होती. शेवटी आर बारा लिहिलं, तर लांबी तेवढीच राहिली आणि चाल धक्क्याधक्क्यानं. एफएफएमपेग निम्मी चित्रं टाकून देत होता. (आणि हा आर तो नव्हे. डीसीरॉतला आर रंगाचा, इथला वेगाचा.) एफएफएमपेगमध्ये प्रत्येक सूचना तिच्या पुढे येणाऱ्या फाइलला लागू होते. चित्रांच्या आधी लिहिली तर चित्रं त्या वेगानं वाचली जातात; नंतर लिहिली तर बाहेर पडणाऱ्या व्हिडिओची होते. हे कळल्यावर मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं, कारण आपलं विशेषणही विशेष्याच्या आधीच बसतं. वेग चित्रांच्या आधी नेला आणि ४५ सेकंद आले.

लॅपटॉपवर सुंदर दिसणारा हा व्हिडिओ आईच्या फोनवर नुसता काळा दिसला. तेवढ्यावर मी भाच्याला विचारलं. प्रत्येक ठिपक्याचा रंग पूर्ण ठेवला की बऱ्याच फोनना तो व्हिडिओ उलगडता येत नाही. उजेड प्रत्येक ठिपक्याचा ठेवून रंग चार ठिपक्यांत एक ठेवायचा. डोळ्याला उजेडाचा बारकावा रंगाहून जास्त कळतो, त्यामुळे फरक दिसत नाही. त्या सूचनेचं नाव लांबलचक आहे, वहीत शेवटच्या पानावर आहे.

संध्याकाळी आईच्या पलंगाशी बसले. उशी मागे लावून तिच्या हातात फोन दिला. कळीनं मान उचलली तेव्हा ती काही बोलली नाही. पाकळ्या मागे सरल्या, काकूंचं पांढरं पातळ क्षणभर येऊन गेलं, तेव्हा म्हणाली, "ही आली वाटतं." मग चित्र मंद झालं. मी खुलासा करायला तोंड उघडलं, इतक्यात तिनंच बोट फोनवर ठेवलं आणि चित्र थांबलं.

"इथे दिवा उतरला होता," ती म्हणाली. "माझ्याही खोलीतला उतरला. मी एकटीच जागी होते. म्हटलं, वर आता फुलाला उजेड कमी पडणार."

मग तिनं विचारलं, पुढे कसं न्यायचं, आणि मी तिचं बोट धरून दाखवलं.